परतीच्या विमानाआधीची एक रात्र: तेर्मिनी, ओर्व्हिएतो की ऑस्तिया?

इटलीला जायचं ठरलं की रोमला किती रात्री, व्हेनिसला किती, पिसा करायचं की गाळायचं यावर घरोघरी खल होतो. शेवटच्या रात्रीचं मात्र कुणी नाव काढत नाही. ती ‘बघू विमानतळाजवळ कुठेतरी’ म्हणून ढकलून दिलेली असते. मला त्या एका रात्रीने बाकीच्या सहलीपेक्षा जास्त डोकं खाजवायला लावलं, म्हणून फक्त तिच्याबद्दलच लिहिते. रोम-फ्लॉरेन्सची वर्णनं तुम्हाला हवी तेवढी सापडतील.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी आई. आई अडुसष्ट वर्षांची आहे. हौस दांडगी, पण डावा गुडघा कुरकुरतो. विमानाची तिकिटं मार्च 2024 मध्ये काढली, आखातातून जाणारी, मुंबई ते रोम आणि रोम ते मुंबई. रोमला उतरून मिलानहून परत यायची मल्टी-सिटी तिकिटंही बघितली होती. त्या तारखांना ती माणशी आठ-नऊ हजारांनी महाग पडत होती, म्हणजे तिघांचे पंचवीसेक हजार. एवढ्यात फ्लॉरेन्सहून रोमला कितीतरी वेळा येता-जाता येईल असं म्हणून तो विषय संपवला.

परतीचं विमान सोमवारी, 7 ऑक्टोबरला, सकाळी सव्वादहाचं. सहलीचा शेवटचा मुक्काम फ्लॉरेन्स. सव्वादहाच्या विमानाला सातच्या सुमारास फ्युमिचिनो विमानतळावर पोचायला हवं, आणि फ्लॉरेन्सहून त्याच पहाटे निघून ते हिशोबात बसत नव्हतं. म्हणजे रविवारची रात्र रोमच्या आसपास कुठेतरी काढणं भाग होतं.

त्यात नवरात्र. 3 ऑक्टोबरला घटस्थापना होती, घट भावाकडे बसणार होते आणि आई उठता-बसता उपास करते. “बसतानाचा मी तिकडे करीन, पण अष्टमीला मी घरात हवी,” एवढी एकच अट घालून ती यायला तयार झाली. (घटस्थापनेच्या दिवशी फ्लॉरेन्समध्ये उकडलेले बटाटे, अंजिरं आणि घरून नेलेला दाण्याचा लाडू यावर तिने व्यवस्थित निभावलं.)

शेवटच्या रात्रीचा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला तो व्हिसाच्या फाइलमुळे. शेंगेन व्हिसाला दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग जोडावं लागतं. एकही रात्र रिकामी दिसता कामा नये. जूनच्या शेवटी आम्ही मुंबईच्या व्हीएफएस केंद्रात अर्ज दिले. 11 जूनपासून व्हिसाचं शुल्क 80 युरोंवरून 90 झालं होतं, तो वाढीव दर आमच्या वाट्याला आला. माणशी सव्वाआठ हजारांच्या आसपास, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचा उतारा, 30,000 युरोंचा प्रवासविमा, नवऱ्याच्या कंपनीचं रजापत्र, आईच्या पेन्शनचे कागद असा गठ्ठा तयार झाला. 6 ऑक्टोबरच्या रकान्यात मी रोमच्या मुख्य, तेर्मिनी स्टेशनजवळचं एक हॉटेल टाकून ठेवलं, फुकट रद्द करता येणारं. शेवटच्या रात्रीचा निर्णय त्या वेळी घेऊ नका, पण कागदावर ती रात्र असू द्या. व्हिसा मिळाल्यावर त्याच देशात, त्याच तारखेला हॉटेल बदललं तर नव्या बुकिंगची छापील प्रत जवळ ठेवायची, एवढंच.

व्हिसा साधारण तीन आठवड्यांनी आला. त्यावर मुक्कामाचे दिवस आकड्यात छापलेले असतात. आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. तो आकडा बघितल्यावर मला सव्वादहाच्या विमानाची खरी धास्ती बसली. विमान चुकलं तर नवीन तिकिटाचा खर्च एकीकडे आणि व्हिसाचे संपत आलेले दिवस दुसरीकडे.

ऑगस्टमध्ये रोज रात्रीची जेवणं आटोपली की नकाशा उघडून बसायचे. पहिले काही दिवस मी अंतरं मोजत होते. कुठून विमानतळ किती किलोमीटर, कुठून किती मिनिटं. मग लक्षात आलं की आपल्याला किलोमीटर नाही, सांधे मोजायचे आहेत. सकाळी खोलीच्या दारापासून चेक-इनच्या खिडकीपर्यंत किती वेळा वाहन बदलायचं, किती वेळा जिने चढायचे, आणि आपल्या हातात नसलेल्या किती गोष्टी वेळेवर घडाव्या लागतील. तीस किलोमीटर पण एकच वाहन, हे दहा किलोमीटर आणि तीन वाहनांपेक्षा बरं. प्रत्येक पर्यायापुढे हा एक आकडा लिहिला आणि यादी आपोआप आखूड झाली.

तेर्मिनीचा आकडा चांगला होता. तिथून लेओनार्दो एक्सप्रेस मध्ये कुठेही न थांबता 32 मिनिटांत विमानतळात नेते. गाडी स्टेशनच्या एका टोकाला, 23-24 नंबरच्या फलाटांवरून सुटते, त्यामुळे चालायची तयारी ठेवायची. तिकीट माणशी 14 युरो. तिघांचे 42 होतात, आणि रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतून विमानतळापर्यंत टॅक्सीचा दर महापालिकेने बांधून दिलेला आहे, पन्नास-पंचावन्न युरो, सामानासकट. म्हणून तिघं-चौघं असाल तर टॅक्सी, एकटे-दुकटे असाल तर गाडी. ओस्तिएन्से किंवा त्रास्तेव्हेरे स्टेशनजवळ राहत असाल तर 8 युरोंची लोकल, एफएल1, सगळ्यांत स्वस्त.

पण तेर्मिनीचा परिसर आम्ही सहलीच्या सुरुवातीला बघणार होतोच. डिसेंबरच्या 24 तारखेला कॅथलिकांचं ज्युबिली हे यात्रेचं वर्ष सुरू होणार म्हणून तेव्हा निम्मं रोम खणून ठेवलं होतं, त्यात स्टेशनसमोरचा पियात्सा देइ चिंक्वेचेंतो हा चौकही होता. पत्र्यांच्या कुंपणांमधून बॅगा ओढत जायचं, हॉटेल इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट अशी की माणूस किंवा बॅग, दोन्हींतलं एकच मावेल. ते बुकिंग मी ठेवलं, पण मन रमेना.

विमानतळाला जोडलेल्या हॉटेलचा सांधा एकच, तोही पायी. तिघांना 250 युरोंच्या पुढे. पैसे एक वेळ घालवले असते, पण दुपारी दोनपासून झोपेपर्यंत तिथे करायचं काय? रात्री फार उशिरा पोचणाऱ्यांसाठी किंवा पहाटे सहाच्या विमानासाठी ते ठीक आहे.

ओर्व्हिएतोवर माझा जीव जडला होता. फ्लॉरेन्स-रोम मार्गावरच, उभ्या खडकाच्या माथ्यावर वसलेलं गाव. स्टेशन खाली आणि गाव वर. स्टेशनासमोरूनच केबलने ओढली जाणारी फुनिकुलर वर नेते. वरचं कॅथीड्रल चित्रात बघूनच थक्क व्हायला होतं. पोप सातव्या क्लेमेंटने सोळाव्या शतकात खोदवून घेतलेली विहीरही आहे, चढायचे आणि उतरायचे जिने वेगवेगळे, एकमेकांना कुठेही न भेटणारे. पायऱ्या 248. आईचा गुडघा तिथेच ‘नको’ म्हणाला. पण खरं कारण सकाळचं. फुनिकुलर किंवा बस, मग रोमची गाडी, मग विमानतळाची गाडी. चांगल्या दिवशीसुद्धा तीन सांधे, आणि पहिला सांधा पहाटे. विमान रात्रीचं असतं तर मी डोळे मिटून ओर्व्हिएतो घेतलं असतं.

फ्युमिचिनो नावाचं गावही आहे, हे मला त्या शोधात कळलं. विमानतळाला त्याचंच नाव मिळालंय. सम्राट त्रायानच्या काळात खोदलेल्या कालव्याच्या दोन्ही काठांना मासेमारीच्या बोटी लागलेल्या आणि ओळीने माशांची हॉटेलं. नवरा मालवणचा. “स्पागेत्ती अल्ले व्होंगोले म्हणजे तिसऱ्याच की गं!” म्हणून त्याने तिथल्या तिथे मत देऊन टाकलं. सांधा एकच, टॅक्सीने पंधरा मिनिटं. सुरक्षिततेत हा पर्याय सगळ्यांच्या वर होता. पण आई शाकाहारी, नवरात्रातले दिवस, आणि रविवारी दुपारी मासे खायला रोमकर तिथे लोटतात. अख्खी दुपार तिने माशांच्या वासात काढायची हे मला पटेना.

आणि मग नकाशावर, तिबेर नदीच्या अलीकडच्या बाजूला, ऑस्तिया आन्तिका दिसलं. प्राचीन रोमचं बंदर. आफ्रिकेहून, इजिप्तहून येणारं धान्य इथून नदीवाटे रोमला जायचं. पुढे गाळ साठत गेला, नदीने पात्र बदललं, समुद्र तीनेक किलोमीटर मागे हटला आणि शहर वाळूखाली गेलं. आज तिथे मैलभर पसरलेलं उत्खनन आहे, शेजारी तटबंदीतली इवलीशी वस्ती, आणि विमानतळ दहाएक किलोमीटरवर. आगगाडीने मात्र थेट जाता येत नाही. सकाळी मोटार लागणार. एकच वाहन, पण ते वाहन आधी पक्कं हवं.

सरकारी पुरातत्त्वस्थळ असल्यामुळे दोन गोष्टी बघाव्या लागल्या. ऑस्तिया सोमवारी बंद असतं. आमचा दिवस रविवारचा होता. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं फुकट असतात. 6 ऑक्टोबर हा पहिलाच रविवार निघाला. आईला हे सांगितल्यावर पुढची चर्चा संपली.

राहायला वस्तीच्या कडेला एका बाईंच्या घरात तळमजल्यावरची खोली मिळाली. तिघांना मिळून 120 युरो. पैसे भरण्याआधी मी भाषांतराच्या अ‍ॅपवर इटालियन जुळवून त्यांना प्रश्नांची लांबलचक जंत्री पाठवली. खोलीत शिरायला पायऱ्या किती? खोली तयार नसली तरी दुपारी एकला बॅगा ठेवता येतील का? सकाळी साडेसहाला निघायचंय, तर नाश्ता बांधून मिळेल का? विमानतळापर्यंत मोटार ठरवून द्याल का, कितीला? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: तीन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडून पसरता येतील एवढी मोकळी जमीन खोलीत आहे का? हा प्रश्न वाचून बाईंनी हसणारे चेहरे पाठवले आणि पाठोपाठ फरशीचा फोटो. हा प्रश्न जरूर विचारा. शेवटच्या रात्रीचं मुख्य काम सामान पुन्हा लावणं हेच असतं, आणि तिकडच्या खोल्यांमध्ये पलंगाच्या आजूबाजूला बहुतेक वेळा पाऊलभर जागा असते. मोटारीचे 35 युरो ठरले. ते मी संदेशात आकड्यासकट लिहून घेतलं.

तेर्मिनीचं बुकिंग लगेच रद्द केलं नाही. दोन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द होणारं होतं, ते तोवर राहू दिलं. त्याचं कारण संप. इटलीत संप आधी जाहीर होतात आणि त्यांची यादी तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखेनुसार मिळते. संपातही कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक रेल्वेगाड्या चालवाव्या लागतात. विमानांसाठी असे पट्टे सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 9. लेओनार्दो एक्सप्रेसला पर्याय म्हणून बस तरी देतात. म्हणजे संप लागला तर तेर्मिनी, नाहीतर ऑस्तिया, असं ठरवून ठेवलं. संपाला इटालियन ‘शोपेरो’ हा शब्द नवऱ्याने एवढ्या वेळा उच्चारला की आईला ते कुणा माणसाचं नाव वाटत होतं. शुक्रवारी फ्लॉरेन्समध्ये शेवटचं तपासलं, आमच्या दोन्ही दिवशी काही नव्हतं, आणि तेर्मिनी रद्द केलं.

रविवारी सकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून फ्रेच्चारोस्सा ही वेगवान गाडी पकडली. आधी काढलेली तिकिटं माणशी 25 युरोंच्या आसपास पडली होती. दीड तासात तेर्मिनी. तिथून मेट्रोच्या बी लाइनने चार स्टेशनं, पिरामिदे. पिरामिदेला लागूनच पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे, तिथून समुद्राकडे जाणारी लोकल सुटते. तिला आता मेट्रोमारे म्हणतात. मेट्रो आणि लोकल, दोन्हींना मिळून शहराचं दीड युरोचं एकच तिकीट, 100 मिनिटं चालणारं. रविवारी गाड्या कमी असतात, त्यामुळे गाडी किती वाजता येईल याची चिंता करायची नाही एवढा वेळ हाताशी ठेवला होता. आदल्या दिवशी असे कितीही सांधे चालतात, हाच तर त्या रात्रीचा उपयोग.

ऑस्तिया आन्तिकाच्या स्टेशनवरून वस्तीकडे आणि अवशेषांकडे जायला मोठा रस्ता ओलांडणारा पादचारी पूल आहे. हात हलवत जाणाऱ्याला पाच मिनिटं, आमच्यासारख्यांना शिक्षा. घरमालकीणबाईंना हे विचारून ठेवलं होतं, त्यांचा मुलगा छोटी फियाट घेऊन स्टेशनच्या आवारात आला. आई आणि बॅगा गाडीतून गेल्या, आम्ही दोघं पुलावरून. तो पैसे घेईना, दहा युरो बळेच दिले.

दुपारी दीडला अवशेषांत शिरलो. फुकटचा रविवार असूनही गर्दी जाणवली नाही, कारण जागाच अफाट आहे. सावली भरपूर, उंच पाइन झाडं, पण खालची वाट प्राचीन काळ्या दगडांची, उंचसखल. गुडघेदुखीवाल्यांनी कडेकडेच्या मातीच्या पट्ट्यावरून चालावं. पाणी भरून न्यावं.

पॉम्पेई आम्ही आठवडाभर आधी बघितलं होतं, तरीही मला ऑस्तिया जास्त आवडलं. पॉम्पेईत श्रीमंतांचे वाडे लक्षात राहतात. इथे विटांच्या बहुमजली इमारती आहेत, खाली दुकानं आणि वर भाड्याच्या खोल्या, अरुंद जिना थेट रस्त्यावर उतरणारा. आई थेट म्हणाली, “ही तर आपली गिरगावातली चाळ.” तिचं बालपण तिथलं, त्यामुळे जिन्याखाली कुणाचं बिऱ्हाड असेल इथपासून पाणी वर कोण चढवत असेल इथपर्यंत तिचे अंदाज सुरू झाले. चौकाजवळ सार्वजनिक शौचालय आहे, संगमरवरी ओटा आणि त्यावर ओळीने भोकं, मध्ये आडोसा नाही. “तेही तसंच,” असं पुटपुटून ती पुढे गेली.

‘डायनाच्या घरा’च्या गल्लीत एक खाणावळ शाबूत आहे. दारातच संगमरवरी फळ्यांचा गल्ला. आत पायरीपायरीची मांडणी, भांडी ठेवायची. भिंतीवर खाण्याच्या जिन्नसांचं रंगवलेलं चित्र, म्हणजे पाटीच. मागे उघडं अंगण, बसायला दगडी बाक. त्या गल्ल्याची कड हाताच्या घासण्याने गुळगुळीत झाली आहे. नवऱ्याने तिथे कोपर टेकून फोटो काढून घेतला. पुढे नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या, प्रत्येकीच्या उंबऱ्याशी काळ्या-पांढऱ्या खड्यांची नक्षी: कुणाचं जहाज, कुणाचा दीपस्तंभ. आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांनी चक्क हत्ती काढलाय. दुकानाची पाटी न वाचता येणाऱ्यालाही कळावी अशी सोय.

बंद व्हायच्या तासभर आधी प्रवेश थांबतो हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरनंतर वेळ आणखी अलीकडे येते, त्यामुळे दुपारी तीनला पोचून ‘बघू थोडंसं’ असं करू नका. आम्ही तीनेक तास फिरलो, निम्मंही झालं नाही. शेवटच्या दिवशी ते बरंच असतं. ‘हे राहिलं, ते राहिलं’ अशी यादी हातात नव्हती.

वस्तीत पंधराव्या शतकातला छोटा किल्ला आहे आणि सान्ताउरेआ नावाचं चर्च. तिथे एका शिलालेखाचा तुकडा लावलाय, संत ऑगस्टीनची आई मोनिका हिच्या थडग्यावरचा. 1945 साली इथेच खणताना सापडला. इ.स. 387 मध्ये मायलेक इटलीहून आफ्रिकेला, आपल्या घरी परत निघाले होते. जहाजासाठी ऑस्तियात थांबले, मोनिकाला ताप आला आणि ती इथेच गेली. मी हे सगळं आईला भाषांतर करून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. विमान मुंबईत उतरल्यावर सांगितलं. “बरं झालं तेव्हा बोलली नाहीस,” एवढंच म्हणाली.

जेवण हा शेवटच्या रात्रीचा अवघड भाग. आपल्याला सातला जेवून झोपायचं असतं आणि तिथली स्वयंपाकघरं साडेसातच्या आधी पेटत नाहीत. साडेसातला दारात उभे होतो. आईने टोमॅटोचा पास्ता आणि चिकोरिया घेतलं, लसूण-मिरचीवर परतलेली कडसर पालेभाजी. “भाकरी असती तर,” हे वाक्य आलंच. नवऱ्याला तिसऱ्या मिळाल्या. “घट डोंबिवलीत बसलेत, इथे नाही,” असं त्याने कुणी विचारायच्या आधीच जाहीर केलं. आईने ऐकलं नाही असं दाखवलं. तिघांचं बिल 48 युरो, त्यात टेबलाचे, म्हणजे ‘कोपेर्तो’चे, माणशी दोन. कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, पेकोरिनो आणि पार्मेझान चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं. ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हटलं की चीज न घालता आणतात.

मग ती फरशी कामाला आली. तिन्ही बॅगा उघडल्या, हातात धरायचा वजनकाटा काढला. ऑलिव्ह तेलाचे डबे कपड्यांत गुंडाळून मधोमध. केबिन बॅगेत 100 मिलीच्या वर काही द्रव नाही ना, ते पाहिलं. लिंबाच्या लिकरची आईने घेतलेली ‘सरबताची’ बाटली तिथे सापडली, ती चेक-इनमध्ये गेली. फ्लॉरेन्सला घेतलेली चामड्याची पिशवी मात्र वरच ठेवली, कारण करपरताव्याच्या वेळी, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत मागताना, वस्तू दाखवायला सांगू शकतात. साडेदहाला दिवे बंद. नवरा झोपला, मी आणि आई छताकडे बघत पडून होतो. प्रवासाच्या आदल्या रात्री तिला जगात कुठेही झोप लागत नाही.

सोमवारी साडेसहाला मोटार दारात होती. घरमालकीणबाईंनीच वेळ अलीकडे ओढायला लावली होती, कारण ऑस्तिया आणि विमानतळ यांच्यामध्ये तिबेरवरचा पोंते देल्ला स्काफा हा पूल आहे आणि कामाच्या दिवशी सकाळी तो तुंबतो. पुलाच्या तोंडाशी रांग होतीच. दहा मिनिटं मुंगीच्या पावलाने सरकलो. आईने पदरात हात घालून जप सुरू केला. चालक मात्र शांतपणे रेडिओवरचं फुटबॉल ऐकत होता. सातला पाच कमी असताना टर्मिनल 3 ला उतरलो. ठरल्याप्रमाणे 35 युरो, वर एक पैसा नाही.

करपरतावा आधी, बॅगा द्यायच्या आधी. इटलीत फेब्रुवारी 2024 पासून एका पावतीवर 70 युरोंच्या वरची खरेदी असली तरी परताव्याचा अर्ज मिळतो, पूर्वी ही मर्यादा 154.94 युरो होती. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो, नंतर मिळत नाही. आम्ही आखातातून जाणार, म्हणजे युरोपीय संघ रोममध्येच सोडणार, म्हणून कस्टम्सची मंजुरी तिथेच. फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे जाणार असाल आणि वस्तू केबिन बॅगेत असेल तर हे काम तिकडे होतं. रांगेत पंचवीस मिनिटं गेली. कराचा दर 22 टक्के असला तरी मधल्या कंपनीचं कमिशन कापून 140 युरोंच्या पिशवीवर हातात पंधरा-सोळाच पडले. वेळ कमी असेल तर एवढ्यासाठी जिवाची घालमेल करून घेऊ नये.

चेक-इनला अर्धा तास, सुरक्षा तपासणी पटकन. पासपोर्टच्या रांगेत झटपट फाटकं ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच होती, आपल्याला खिडकीवरची रांग. तिथे वीस मिनिटं. शिक्का बसला. नऊच्या आत गेटपाशी बसून घरमालकीणबाईंनी दिलेलं पाकीट उघडलं: जॅमचे क्रोसां, केळी, आणि आईसाठी वेगळी, न सांगता घातलेली, अंजिरं. तिने उपासाबद्दल विचारलं होतं ते बाईंच्या लक्षात राहिलं होतं.

खर्चाचा हिशोब, सगळे आकडे ऑक्टोबर 2024 चे, युरो 92 रुपयांच्या आसपास होता तेव्हाचे. खोली 120, रोम महापालिकेचा मुक्कामकर तिघांचा 18 (ऑस्तिया रोमच्याच हद्दीत येतं, हा कर रोखीने तिथेच द्यावा लागला), तेर्मिनीपासूनची लोकल साडेचार, फियाटवाल्या मुलाला 10, मोटार 35. जेवण सोडून 187 युरो पन्नास सेंट, म्हणजे सतरा हजारांच्या थोडं वर. तेर्मिनीचं हॉटेल 140 होतं. त्यात तोच कर आणि टॅक्सीचे पन्नास-पंचावन्न धरले तर तेच दोनशेच्या वर जातं.

धाकटा दीर आणि जाऊ फेब्रुवारीत जात आहेत. त्यांचं विमान रोमहून रात्री दहाचं आहे आणि दोघांचेही गुडघे धडधाकट आहेत, त्यामुळे त्यांना मी ओर्व्हिएतो सांगितलंय. बॅगा स्टेशनजवळच्या हॉटेलात ठेवायच्या, वर फुनिकुलरने जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत गाडीत बसायचं. मिलानहून निघणाऱ्या एका मैत्रिणीने बेर्गामोत रात्र काढू का विचारलं. तिचं तिकीट आधी नीट बघायला लावलं, कारण मिलानच्या नावावर तीन विमानतळ विकले जातात: माल्पेन्सा, लिनाते आणि बेर्गामोजवळचा ओरिओ. तिचं विमान माल्पेन्साहून आहे, शहराच्या बरोबर उलट्या दिशेला. तिच्यासाठी आता माज्जोरे तळ्याकाठचं आरोना बघते आहे. तिथून सकाळी मोटार किती घेईल त्याचं उत्तर आलं की कळवीन.